डोख, म्हणजे ‘आहे की!’

चाळिशी उलटल्यावर नवी भाषा शिकायला घेणाऱ्यांची एक गंमत असते. व्याकरण त्यांना झटकन कळते आणि बोलणे मुळीच जमत नाही. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. विभक्ती, प्रयोग, समास यांवर आजवर किती तास घेतले असतील त्याची गणती नाही. मुलगी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली आणि आम्ही उभयतांनी हौसेने संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लावला, तेव्हा तीन लिंगे आणि चार विभक्ती ऐकून वर्गातली तरुण मुले हवालदिल झाली. आम्ही मात्र निवांत होतो. आठ विभक्ती पचवलेल्यांना चारांचे काय अप्रूप! आमची गाडी अडली ती पुढे, एका दोन अक्षरी शब्दापाशी. तो शब्द म्हणजे ‘डोख’.

देवनागरीत ‘डोख’ असे लिहिले तरी शेवटचा उच्चार आपल्या ‘ख’चा नाही. उर्दूत ‘ख़बर’ म्हणताना घशात जी खरखर होते, तिच्या जवळचा तो आहे. शब्दकोश उघडावा तर या एवढ्याशा शब्दापुढे पण, तरी, तथापि, ना, की, तर अशी रांग लागलेली. ज्याला इतके अर्थ आहेत त्याला स्वतःचा असा अर्थ आहे की नाही, असा प्रश्न पडावा. आमच्या शिक्षिकेने हसून सांगितले, “हा शब्द पाठ करून येत नाही. जर्मन माणसे तो कुठे वापरतात ते ऐकत राहा.” मुलीशी बोलताना, चित्रपट पाहताना आम्ही ऐकू लागलो, आणि जो सापडला तो शब्द परका वाटेना.

त्याचे सर्वांत साधे काम उभयान्वयी अव्ययाचे. ‘बोलावले होते, पण आला नाही’ यातल्या ‘पण’च्या जागी तो बसतो. जरा जोर देऊन उच्चारला की त्याचा ‘तरीही’ होतो: पाऊस होता, तरीही आलाच. पण त्याची खरी गोडी आज्ञार्थात कळते. ‘कोम!’ म्हणजे ‘ये!’ आणि ‘कोम डोख!’ म्हणजे ‘ये ना!’ पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात आग्रह. पाहुण्याला ‘झेत्सेन झी झिख डोख!’ म्हटले, की ते आपले ‘बसा ना!’ होते. ‘डास वाइस्ट डू डोख’ म्हणजे ‘तुला ठाऊक आहे की ते’. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या सामाईक माहितीकडे बोट दाखवणारा हा ‘डोख’. मनात आलेली शंका खरी ठरली की ‘आल्झो डोख!’, म्हणजे ‘बघा, खरेच होते तर!’ कुणी रडू लागले किंवा नको तितका खर्च करू लागले की ‘निख्ट डोख!’, आपल्या ‘अहो, छे छे!’सारखे. आणि जे घडले नाही त्याची हळहळ बोलताना ‘वेअरे एर डोख हिअर!’, ‘तो इथे असता तर!’ या वाक्यात आपण ‘तर’ जसा अधांतरी सोडून देतो आणि पुढचे न बोलताच कळते, तसेच तेथे ‘डोख’ करतो.

हे सारे ऐकताना आम्हांला थोडी लाजही वाटत होती. वीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांतले ‘ना’ आणि ‘की’ लाल शाईने खोडत आलो आहोत. बाजूला शेरा ठरलेला: ‘बोलभाषा’. या बाबतीत जर्मन मास्तरही आमच्यापेक्षा मागे नव्हते. असल्या शब्दांना तेथे बराच काळ ‘फ्लिकवोर्ट’ म्हणजे ठिगळशब्द म्हणत. वाक्यात भोक पडले की लावायचे ठिगळ! 1969 साली हाराल्ड वाइट या अभ्यासकाने त्यांवर सबंध ग्रंथ लिहिला आणि त्यांना ‘आबट्यून्युंग्सपार्टीकेल’ असे भारदस्त नाव दिले. चित्रकार रंगाला जशी किंचित गडद-फिकी छटा देतो तशी वाक्याला छटा देणारे शब्द, असा त्याचा आशय. तेव्हापासून ठिगळांना प्रतिष्ठा आली.

आपल्याकडे ही प्रतिष्ठा फार जुनी आहे, आणि उपेक्षाही. यास्काने ‘निरुक्ता’त पदांच्या चार जाती सांगताना नाम, आख्यात आणि उपसर्ग यांच्या बरोबरीने ‘निपाता’ला स्वतंत्र स्थान दिले, नाना अर्थांमध्ये जाऊन पडतात म्हणून ते निपात, अशी व्युत्पत्तीही दिली. पण त्याच यास्काने काही निपातांना केवळ पदपूरणासाठी आलेले म्हणून बाजूला काढले. म्हणजे ठिगळेच. आमच्या लाल शाईला केवढी थोर परंपरा होती ते असे उशिरा कळले.

‘डोख’ची वंशावळही रंजक आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये तो ‘दोह’ या रूपात आढळतो. चौथ्या शतकात वुल्फिला याच्या बायबलच्या भाषांतरामुळे जी गॉथिक भाषा आपल्यापर्यंत पोहोचली, तिच्यात त्याचा भाऊ ‘थाउह’ आहे. इंग्रजीत ‘जरी, तरी’ या अर्थाने येणारा ‘दो’ हाही त्याच घराण्यातला. भाषेचे इतिहासकार ‘थाउह’ची फोड करतात तेव्हा त्याच्या शेपटीला ‘उह’ हा ‘आणि’ अशा अर्थाचा चिकटा शब्द सापडतो. लॅटिनमधला ‘क्वे’ आणि संस्कृतातला ‘च’ हे त्याचे सख्खे नातलग. आता आपल्या मराठीतला निश्चयाचा ‘च’ पाहा. ‘आहेच’, ‘मीच’, ‘येणारच’ यांतल्या ‘च’ची वाट व्युत्पत्तिकार महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘च्चेअ’कडे आणि तेथून संस्कृत ‘चैव’कडे नेतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण रचताना या ‘चेअ’, ‘च्च’ मंडळींना अवधारणार्थी म्हणून नोंदवून ठेवले आहे. दोन्ही घराणी हजारो वर्षांपूर्वी वेगळी झाली. तरी जर्मन माणूस ठासून ‘डोख’ म्हणतो आणि मराठी माणूस ठासून ‘आहेच’ म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच जुन्या नाण्याचा झिजलेला तुकडा असतो.

गॅलिलिओच्या नावावर खपणारे ‘तरीही ती फिरते’ हे वाक्य जर्मनमध्ये ‘उंट झी बेवेग्ट झिख डोख’ असे होते. 1633 च्या खटल्याच्या वेळी तो असे काही बोलला याला त्या काळातला पुरावा नाही. छापील रूपात ही आख्यायिका अठराव्या शतकात दिसू लागते. पण जर्मन रूपात त्या वाक्याचा सगळा भार शेवटच्या ‘डोख’वर येतो, हे ऐकण्यासारखे आहे. न्यायासनासमोर गुडघे टेकलेल्या माणसाजवळ उरलेले दोन अक्षरांचे सामान!

आता ज्या कामासाठी ‘डोख’ जगप्रसिद्ध आहे, त्याकडे वळू. ते काम म्हणजे नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. ‘तुला भूक नाही?’ असे कुणी विचारले तर जर्मनमध्ये दोनच उत्तरे संभवतात. भूक नसेल तर ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’. भूक असेल तर ‘या’, म्हणजे ‘हो’, असे म्हणून चालत नाही. तेथे ‘डोख’ म्हणावे लागते. ‘तुम्ही नाही म्हणता, पण आहे,’ एवढा ऐवज त्यात आला. तेथली लहान मुले भांडतात तीही ‘नाइन!’ ‘डोख!’ ‘नाइन!’ ‘डोख!’ अशी, आईने येऊन कान धरीपर्यंत.

या नियमाचा पहिला फटका आमच्या मुलीला बसला. वसतिगृहातल्या मैत्रिणीने विचारले, “तू अजून जेवली नाहीस?” जेवण झाले नव्हते. मुलगी मराठी वळणाने म्हणाली, “या.” म्हणजे, ‘हो, तुझे बरोबर आहे, नाही जेवले.’ मैत्रीण बुचकळ्यात पडली. ही जेवली, की नाही जेवली? आपल्याकडे ‘हो’ हा विचारणाऱ्याच्या वाक्याला दिलेला रुकार असतो. वाक्य नकारार्थी असले तर ‘हो’ नकारालाच दुजोरा देतो. जर्मन मात्र वाक्य कुणाचे हे न बघता वस्तुस्थिती काय ते विचारते. मुलगी त्या रात्री उपाशी झोपली नाही, पण फोनवर ही हकिकत सांगताना ती म्हणाली, “आपण माणसाला उत्तर देतो गं, आणि हे लोक प्रश्नाला.” हे वाक्य आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले.

अशी सोय फक्त जर्मनमध्येच आहे असे नाही. फ्रेंचमध्ये ‘सी’ आहे, स्वीडिश आणि डॅनिशमध्ये ‘यो’ आहे. जुन्या इंग्रजीत तर चार शब्दांची व्यवस्था होती. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. म्हणजे आज जगभर स्वस्त झालेला ‘येस’ हा एके काळी इंग्रजीचा ‘डोख’ होता. विल्यम टिंडल याने बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, त्यात ‘ने’च्या जागी ‘नो’ घातला म्हणून सर थॉमस मोर याने 1532 च्या आपल्या खंडनग्रंथात त्याची कडक हजेरी घेतली. धर्मावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे ‘नाही’ कसे म्हणावे यावरही भांडत होते. 1535 मध्ये मोरचा शिरच्छेद झाला, 1536 मध्ये टिंडलला गळा आवळून जाळण्यात आले. ज्या भाषेवरून ते भांडले तिने पुढे ‘ये’ आणि ‘ने’ दोन्ही टाकून दिले. असो.

मग मराठीचे काय? आम्ही मराठीचे प्राध्यापक. ‘आमच्याकडे हे नाही’ असे कबूल करणे आम्हांला जड जाते. पण येथे कबूल करण्याची वेळ आली नाही, कारण आमच्याकडे ते आहे. ‘भूक नाही का तुला?’ ‘आहे की!’ ‘तू आला नव्हतास काल.’ ‘आलो होतो की!’ ‘त्याला काही येत नाही.’ ‘येतं की!’ आणि जरा तापलेला स्वर असेल तर ‘नाही कसं? आहे!’ जर्मन एका शब्दात भागवते. आपण क्रियापद उचलून त्याच्या पाठीवर ‘की’ बसवतो. पण काम तेच, आणि ठसकाही तोच. पुढच्या तासाला आम्ही हे शिक्षिकेला मोठ्या अभिमानाने सांगितले. वर्गातल्या तरुण मुलांनी वहीत ‘डोख = आहे की’ असे लिहून घेतले. जन्मात प्रथमच कुणी आमच्या बोलभाषेची नोंद करत होते.

हा अभिमान फार दिवस टिकला नाही.

आमच्या घरात आई असतात. आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. वय सत्त्याहत्तर. सकाळी कॉलेजला निघताना आम्ही त्यांच्या खोलीत डोकावून विचारत असू, “काही त्रास नाही ना?” त्या म्हणत, “नाही.” रात्री औषध देताना, “औषधं राहिली नाहीत ना?” “नाही.” टीव्ही थोडा जवळ सरकवून घेतला तेव्हा, “दिसायला काही अडचण नाही ना?” “नाही रे.” आमच्या समजुतीप्रमाणे ही आमची काळजी होती, आणि ती रोज वेळेवर घेतली जात होती.

मुलगी सुटीत घरी आली. दुसऱ्या दिवशी आजीजवळ बसून शेंगा सोलता सोलता तिने सहज विचारले, “आजी, तुला कुठल्या डोळ्यानं कमी दिसतं गं?” आई तितक्याच सहजपणे म्हणाल्या, “डाव्या. वर्ष झालं असेल.” आम्ही स्वयंपाकघरात होतो. हातातली भांडी तशीच राहिली.

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की या आजारात डोळ्याच्या आतला दाब वाढून नजरेची शीर हळूहळू निकामी होते. बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते, म्हणून माणसालाही लवकर उमगत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी थेंब कायमचे घालायचे. परतताना रिक्षात कुणी काही बोलले नाही. रात्री आम्ही आईंना विचारले, “आम्ही रोज विचारत होतो, मग तुम्ही सांगितलं का नाही?” त्या म्हणाल्या, “तुम्ही ‘नाही ना’ विचारायचात. मग मी ‘नाही’ म्हणायचे. तुमची कॉलेजला जायची घाई असायची.”

‘डोख’चा एक उपयोग आम्ही वर सांगायचा ठेवला होता. तो मुद्दाम ठेवला नव्हता. आम्हांला तोवर त्याचे महत्त्व कळले नव्हते. हाच शब्द प्रश्नातही येतो. ‘डू कोम्स्ट डोख?’ म्हणजे ‘तू येणार ना?’ हे विचारणे नव्हे. उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले आहे, फक्त सही हवी आहे. जर्मनमध्ये एकच शब्द दोन्ही बाजूंना उभा असतो. विचारणाऱ्याच्या तोंडी तो दुसऱ्याकडून होकार काढून घेतो आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडी तोच शब्द दिलेला नकार मोडून काढतो. मराठीने ही दोन कामे दोघांत वाटून दिली आहेत. विचारणाऱ्याकडे ‘ना’ आहे आणि उत्तर देणाऱ्याकडे ‘की’ आहे. आमच्या घरात ‘ना’ रोज दोनदा वाजत होता. ‘की’ म्हणायला लागणारा अवकाश मात्र आम्ही चपला घालता घालता बंद करून टाकत होतो. ‘आपण माणसाला उत्तर देतो’ हे मुलीचे वाक्य आता नीट कळले. आईंनी प्रश्नाला उत्तर दिलेच नव्हते. दारात उभ्या असलेल्या, घड्याळाकडे बघणाऱ्या दोन माणसांना त्यांनी उत्तर दिले होते.

भाषेत एखादा शब्द असणे आणि तो बोलायला माणसाला जागा असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीचा आम्हांला अभिमान होता. दुसरीचा विचार कोणत्याच व्याकरणात आम्ही वाचला नव्हता, आणि वाचला असता तरी तो परीक्षेपुरताच वाचला असता.

हे एकदा लक्षात आल्यावर आमचे वर्गही आमच्या कानांत वाजू लागले. आम्ही दोघेही तासाच्या शेवटी काय म्हणतो? “समजलं ना? काही शंका नाही ना?” आणि साठ मुले शांत बसतात. त्या शांततेला आम्ही वीस वर्षे आकलन समजत आलो. आपल्यापैकी जे शिकवतात त्यांनी उद्या तास संपवताना स्वतःचा आवाज जरूर ऐकावा. ‘शंका नाही ना’ या वाक्याला ‘आहे की!’ असे उत्तर देण्यासाठी एकोणीस वर्षांच्या मुलीला साठ जणांसमोर आपल्या शिक्षकाचे वाक्य मोडावे लागते. ते बळ आपण तिला कधी दिले होते?

गेल्या वर्षापासून आम्ही प्रश्न बदलला आहे. “कुठं अडलं?” एवढेच विचारतो आणि थांबतो. पहिले दोन आठवडे काहीच झाले नाही. मुलांना सवय नव्हती, आणि थांबायची आम्हांलाही नव्हती. पुढे एकदा भाषाविज्ञानाच्या तासाला सवयीने ‘अवघड नाही ना?’ असे निघून गेलेच. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “आहे की, सर.” वर्ग हसला. मग तिने जी शंका विचारली तिचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. दुसऱ्या दिवशी वाचून जावे लागले. निबंधांतले ‘की’ आणि ‘ना’ खोडणे आता सोडले आहे. औपचारिक लेखनात ते शोभत नाहीत हे आजही सांगतो, पण शेरा ‘बोलभाषा’ असा लिहीत नाही. ‘कुणाला उद्देशून?’ असे विचारतो.

आईंची उजवी नजर थेंबांनी टिकून आहे. डावीचे जे झाले ते झाले. थेंब घालताना आता “आज कसं दिसतंय?” असे विचारतो, आणि कधी कधी त्या कंटाळून “कालच्यासारखंच” म्हणतात. जर्मनचा वर्ग दुसऱ्या पातळीनंतर सुटला. ‘डोख’ तेवढा राहिला. मुलगी फोनवर तो आजीलाही शिकवते. आजी म्हणतात, “आपल्यात आहे की असला शब्द.”

परवा संध्याकाळी तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात होता. स्वयंपाकघरातून आमच्यापैकी एकाने, मान वर न करता, जुन्या सवयीने विचारले, “आई, आता चहा नको ना?”

खोलीतून उत्तर आले, “हवा की!”